धातू, पाषाण आणि कलेवर : उत्तर-मध्ययुगातील द्रव्य-रूप विचार

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास मराठीत शिकविताना अध्यापक ज्या संज्ञांपाशी अडखळतो, त्यांपैकी 'द्रव्य' आणि 'रूप' ही जोडी विशेष त्रासदायक आहे. वस्तू ज्याची बनते ते एक, आणि ज्यामुळे ती 'ती' वस्तू ठरते ते दुसरे, असे ॲरिस्टॉटलने मानले. पहिल्यासाठी त्याने 'ह्युले' हा शब्द घेतला. त्याचा मूळ अर्थ लाकूड असा आहे, आणि लॅटिन पंडितांनी योजलेल्या 'मातेरिआ' या शब्दाचाही एक अर्थ इमारती लाकूड असाच होतो. दुसऱ्यासाठी लॅटिनमध्ये 'फॉर्मा' हा शब्द रूढ झाला. मराठीत आपण त्यास कधी आकार, कधी रूप म्हणतो आणि पुढे जातो.

पालीचा विद्यार्थी मात्र पुढे जाऊ शकत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने सरळ विचारले, "सर, फॉर्माला रूप म्हटले तर रूपक्खन्धाला काय म्हणायचे?" प्रश्न रास्त होता. पाली अभिधम्मात 'रूप' हा शब्द ॲरिस्टॉटलच्या विभागणीत ज्या बाजूस द्रव्य पडते त्या बाजूचा आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार महाभूते आणि त्यांच्या आश्रयाने राहणारी चोवीस उपादारूपे मिळून अठ्ठावीस प्रकारचे रूप होते. त्यात वस्तूला वस्तुपण देणारे असे वेगळे तत्त्व कोठेही नाही. एकच शब्द दोन परंपरांत परस्परविरुद्ध टोकांना उभा आहे. त्या दिवशी आम्ही विद्यार्थ्याला संज्ञांचा एक तक्ता करून दिला आणि वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख हे त्या अपुऱ्या उत्तराचे उशिरा केलेले परिमार्जन समजावे.

हा वाद केवळ पारिभाषिक नव्हता, हे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोपकडे पाहिले म्हणजे कळते. थॉमस अक्विनस (मृत्यू इ. स. १२७४) याचे मत असे, की कोणत्याही एका वस्तूत तिला वस्तुत्व देणारे रूप एकच असते. मनुष्याच्या बाबतीत ते रूप म्हणजे त्याचा आत्मा. त्याखालचे मूळ द्रव्य ही केवळ एक शक्यता आहे. रूपाशिवाय ते असू शकत नाही आणि स्वतःहून ते काहीच नाही. हा सिद्धान्त सुटसुटीत आहे, पण त्यातून एक अडचणीचा निष्कर्ष निघतो. मनुष्य मेला आणि आत्मा गेला, म्हणजे देहाचे एकमेव रूप गेले. मग समोर पडलेले कलेवर हे जिवंतपणीचाच देह आहे, असे कोणत्या आधारावर म्हणावे? अक्विनसला हा निष्कर्ष टाळावयाचा नव्हता. संतांच्या अस्थींना वंदन करावे की नाही या प्रश्नाचा विचार करताना त्याने मान्य केले, की रूप बदलल्यामुळे मृत देह हा जिवंत देहाशी संख्येने एक नव्हे. मात्र द्रव्याच्या नात्याने तो एक आहे, आणि पुढे तेच द्रव्य आपल्या रूपाशी पुन्हा जोडले जावयाचे आहे.

फ्रान्सिस्कन पंथाच्या पंडितांना हे पटले नाही. त्यांच्या मते देहाला देहपण देणारे एक स्वतंत्र रूप असते. आत्मा निघून गेला तरी ते काही काळ टिकते, आणि म्हणूनच थडग्यातील देह हा त्याच व्यक्तीचा देह ठरतो. ख्रिस्ताचा देह तीन दिवस थडग्यात होता, तो त्याचाच होता की नाही, हा प्रश्न यामागे उभा होता आणि त्यामुळे वादाला धार आली. इ. स. १२७७ च्या मार्चमध्ये ऑक्सफर्ड येथे आर्चबिशप किलवर्डबी याने एकरूपवादाशी संबंधित काही विधाने शिकविण्यास मनाई केली. किलवर्डबी हा स्वतः अक्विनसच्याच डॉमिनिकन संघातील होता, हे येथे नोंदविण्यासारखे आहे. पुढे १२८६ मध्ये त्याच्यानंतरचा आर्चबिशप पेकम याने हाच निषेध अधिक कठोरपणे केला. डन्स स्कोटस (मृत्यू १३०८) याने द्रव्याला स्वतःचे काही अस्तित्व आहे असे मानले. ईश्वराची इच्छा असेल तर द्रव्य रूपावाचूनही राहू शकेल, असे म्हणण्यापर्यंत तो गेला. ऑकमच्या विल्यमने द्रव्याला स्वतःचा विस्तार व स्वतःचे भाग असल्याचे प्रतिपादिले. चौदाव्या शतकाच्या मध्यास निकोलस ऑफ ओत्रकूर याने तर वस्तूंची उत्पत्ती व नाश म्हणजे कणांचे एकत्र येणे व विखुरणे असू शकेल, असे सुचविले. १३४७ मध्ये पॅरिस येथे त्याला आपले लेखन जाळावे लागले. एका शतकाच्या आत द्रव्य 'काहीच नाही' या अवस्थेपासून 'स्वतःचे भाग असलेले काहीतरी' या अवस्थेपर्यंत आले, आणि हा प्रवास मुख्यतः एका कलेवराभोवती फिरत झाला.

याच काळात आमच्या बुलढाणा जिल्ह्यात काय चालले होते, हे आता पाहू.

लीळाचरित्रातील चक्रधरस्वामींच्या भ्रमणात मेहकर आणि लोणार ही दोन्ही गावे येतात. देवगिरीच्या यादवांचा तो काळ. कृष्ण म्हणजे कान्हरदेव, त्याच्यामागून महादेव आणि रामचंद्र असे राजे त्या गादीवर होते. चक्रधरांचे प्रयाण इ. स. १२७४ च्या सुमारास मानले जाते. अक्विनस त्याच वर्षी वारला. या योगायोगाला काही अर्थ आहे असे आम्ही म्हणत नाही. वाचकाला काळाचे भान यावे एवढ्यापुरताच तो सांगितला. म्हाइंभटाने लीळा संकलित केल्या आणि केशिराजाने त्यांतील वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. त्या सूत्रांवर पुढील काही शतके महानुभाव आचार्यांनी जे विवरण केले, ते मराठीतील उत्तर-मध्ययुगीन तत्त्वचर्चेचे एक मोठे भांडार आहे. विद्यापीठांत ते भाषेचा व वाङ्मयाचा नमुना म्हणून वाचले जाते. तत्त्वज्ञान म्हणून ते फारच थोडे वाचले जाते, याची खंत वाटते.

महानुभाव मतानुसार जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांपासून स्वतंत्र व अनादी आहेत. देवता नित्यबद्ध, जीव बद्धमुक्त, परमेश्वर नित्यमुक्त आणि प्रपंच अनित्य, अशी त्यांची लक्षणे सांगितली जातात. येथे चिकित्सक वाचक थबकतो. प्रपंच जर अनादी पदार्थांपैकी एक असेल, तर तो अनित्य कसा? या प्रश्नाचे उत्तर कारण-प्रपंच आणि कार्य-प्रपंच या भेदात आहे. पाच भूते आणि तीन गुण यांचा हा पसारा व्यक्त होतो तेव्हा तो कार्यरूप असतो. घट, वृक्ष, देह ही सर्व कार्ये नाश पावतात. संहारानंतर मात्र प्रपंच कारणरूपाने, अव्यक्त अवस्थेत राहतो. म्हणजे नष्ट होते ती व्यक्त रचना, आणि ज्याची रचना होते ते उरते. आता यातील कारण-प्रपंच अक्विनसच्या मूळ द्रव्यासारखा निव्वळ शक्यतारूप आहे काय? तसे म्हणता येणार नाही, कारण तो कार्याशिवायही राहतो. तुलना करावयाचीच असेल तर तो स्कोटसच्या द्रव्याला अधिक जवळचा आहे. तथापि स्कोटसला रूपहीन द्रव्यासाठी ईश्वराची विशेष इच्छा आवश्यक वाटली, आणि महानुभावांना ती सृष्टिक्रमातील नेहमीची अवस्था वाटली, हा फरक लहान नाही.

चक्रधरांच्या नंतर पाव शतकाच्या आत, इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी नेवासे येथे गीतेवर भाष्य केले. तेथे सोने आणि अलंकार यांचा अद्वैत्यांचा जुना दृष्टान्त येतो. अलंकार हे नाव आणि घडण, खरे ते सोने. येथे रूपाची बाजू जवळजवळ विरघळून जाते, आणि जे उरते त्याला 'द्रव्य' म्हणणेही योग्य नव्हे, कारण ते चैतन्य आहे. हा विषय बहुचर्चित असल्याने येथे त्याचा विस्तार करीत नाही.

महानुभावांच्या बाबतीत आम्हाला अधिक लक्षणीय वाटते ती त्यांची आचारपद्धती. परमेश्वरावतार ज्या ठिकाणी बसले, निजले, जेवले ती स्थाने पंथाने जपली. त्या जागी ओटे बांधले आणि चौदाव्या शतकात स्थानपोथीत त्यांची सूक्ष्म नोंद केली. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक हे चौघे वंदनीय मानले गेले. अवताराच्या स्पर्शाचा संबंध असलेला दगड 'संबंधी पाषाण' म्हणून वंदिला जातो. त्याचा तुकडा वेगळा केला तरी त्यातील संबंध कायम राहतो, अशी श्रद्धा आहे. मेहकर येथे एका वृद्ध उपदेशी गृहस्थांनी आपल्या देवपूजेतील असा एक लहान काळा पाषाण आम्हाला दाखविला होता. आम्ही तो हातात घेऊ का, असे विचारले. ते म्हणाले, "घ्या ना गुरुजी. दगड काही आपल्याला बाट लावत नाही, आणि आपण त्याला लावू शकत नाही." त्या क्षणी आम्हाला अक्विनस आठवला. पाषाणाचे द्रव्य इतर काळ्या दगडांसारखेच, त्याची घडण तर तुटताना बदललेली. मग वंदन कशाला? महानुभाव शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. प्रपंच हा जड आहे आणि तो स्वतः मोक्ष देत नाही. वंदन आहे ते संबंधाला. द्रव्य आणि रूप या जोडीत न बसणारा हा तिसरा घटक आहे.

लोणारविषयी येथे थोडे विषयांतर करतो, ते क्षम्य व्हावे. तेथील विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून उल्कापाताने दख्खनच्या काळ्या पाषाणात निर्माण झाले आहे. त्या आघाताने पाषाणातील फेल्डस्पार या खनिजाच्या काही कणांचे 'मास्केलिनाइट' नावाच्या काचेत रूपांतर झाले. हे रूपांतर न वितळता झाले. कणांची बाहेरची कड तशीच राहिली, घटकही बहुतांशी तेच राहिले, पण आतील स्फटिकरचना मोडली. हे काचद्रव्य प्रथम वर्णिले गेले ते १८६५ मध्ये बिहारात गयेजवळील शेरघाटी येथे पडलेल्या उल्केत. तेराव्या शतकातील पॅरिसच्या किंवा लोणारच्या कोणाही पंडितापुढे हा कण ठेवला असता, तर त्याने प्रथम विचारले असते, की येथे बदलले ते कोणते रूप? डोळ्यांना दिसणारी आकृती तर बदललेलीच नाही. ॲरिस्टॉटलच्या 'फॉर्मा'चा अर्थ बाह्य आकृती असा नाही, आणि मराठीत 'आकार' हा प्रतिशब्द अपुरा का पडतो, हे आमच्या विद्यार्थ्यांना या कणावरून जितके लवकर समजते तितके व्याख्यांवरून समजत नाही.

बौद्ध परंपरेतही या प्रश्नावर मतभेद झाले आणि ते बरेच जुने आहेत. सर्वास्तिवादी आचार्य धर्मत्रात यांनी त्रैकाल्याचे समर्थन करताना सोन्याच्या भांड्याचाच दाखला दिला होता. भांडे मोडून दुसरे घडविले, तर घडण बदलते, वर्ण बदलत नाही. त्याप्रमाणे धर्म एका काळातून दुसऱ्या काळात जाताना त्याचा भाव बदलतो, द्रव्य बदलत नाही. वसुबंधूंनी अभिधर्मकोशभाष्यात हे मत मांडून त्यावर एकच शेरा मारला आहे. तो असा, की हा परिणामवाद होय, त्याची गणना सांख्यांच्या पक्षात करावी. एवढे पुरेसे होते. खाली एक टिकाऊ द्रव्य आणि वर बदलती अवस्था, ही मांडणी बौद्ध विश्लेषणात बसत नाही, हे त्या शेऱ्याचे तात्पर्य. या भाष्याची मूळ संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायनांनी तिबेटात शोधून काढली आणि प्रल्हाद प्रधान यांनी ती १९६७ मध्ये पाटण्याहून संपादून प्रसिद्ध केली. त्यापूर्वीच्या अभ्यासकांना हा वाद चिनी व तिबेटी भाषांतरांच्या आधारे समजून घ्यावा लागत असे. त्याच वसुबंधूंनी वैभाषिकांचे संस्थानरूपही नाकारले. लांब, आखूड, वाटोळे ही आकृती वर्णाहून वेगळी सद्वस्तू नव्हे, ती वर्णाच्या मांडणीला दिलेले नाव आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे द्रव्यही गेले आणि आकृतीही गेली.

स्थविरवादात हा विचार मध्ययुगात अतिशय काटेकोर रूपास पोहोचला. आचार्य अनुरुद्ध यांचा अभिधम्मत्थसङ्गह आणि बाराव्या शतकात सिंहलातील सुमंगल स्थविरांनी त्यावर लिहिलेली विभाविनी टीका हे ग्रंथ त्याचे साक्षी आहेत. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, अभिधम्मत्थसङ्गहावर विसाव्या शतकात धर्मानंद कोसंबी यांनी पालीतच 'नवनीत-टीका' लिहिली आणि ती १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली. या ग्रंथानुसार रूप कधी एकेकटे उत्पन्न होत नाही. ते कलापांनी, म्हणजे समूहांनी उत्पन्न होते. लहानात लहान कलापातही चार महाभूते, वर्ण, गंध, रस आणि ओज ही आठ असतातच, आणि ती परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत. येथे 'पठवी' म्हणजे माती नव्हे, तर कठीणपणा. 'तेजो' म्हणजे ज्वाला नव्हे, तर उष्णता. कठीणपणाच्या खाली 'कठीण असणारे' असे काही नाही. कलापांना ओत्रकूरच्या निकोलसचे कण मानण्याचा मोह आमच्या काही तरुण अभ्यासकांना होतो, तो आवरावा. निकोलसचे कण शाश्वत आहेत, कलाप मात्र क्षणोक्षणी उत्पन्न होतात आणि निरुद्ध होतात.

आणि कलेवर? ज्या प्रश्नाने ऑक्सफर्ड हादरले, त्याचा विचार अनुरुद्धांनी अगदी शांतपणे, काही ओळींत केला आहे. रूपाचे चार हेतू आहेत : कर्म, चित्त, ऋतू आणि आहार. मरणसमयी कर्मज रूप थांबते, पाठोपाठ चित्तज आणि आहारज रूपही थांबते. त्यानंतर उष्णतेवर अवलंबून असणारी ऋतुज रूपांची परंपरा तेवढी चालू राहते, आणि तिलाच आपण मृत कलेवर म्हणतो. हा देह 'तोच' आहे की नाही, असा प्रश्न अनुरुद्ध विचारीतच नाहीत. जिवंतपणीही तो क्षणभरापूर्वीचा 'तोच' नव्हता. चार प्रवाह होते, त्यांपैकी एक उरला.

परंतु मग बौद्धांनी अस्थी का जपल्या? हा प्रश्न आम्हाला आमच्याच माणसांनी अनेकदा विचारला आहे, कधी प्रामाणिकपणे, कधी खोचकपणे. पालीत 'धातु' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : महाभूतांसारखी मूलधातू, आणि स्तूपात ठेवण्याची अस्थिधातू. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद नागसेनांना हाच पेच घालतो. परिनिर्वाण पावलेले तथागत पूजा स्वीकारीत असतील तर ते परिनिर्वाण पावलेले नाहीत; आणि स्वीकारीत नसतील तर पूजा व्यर्थ आहे. नागसेनांचे उत्तर असे, की तथागत पूजा स्वीकारीत नाहीत, तरीही पूजकाची कृती फलदायी होते. फळ देणारे कारण पूजकाच्या चित्तात आहे, अस्थीत कोणी वसलेला नाही. चैत्यांचे तीन प्रकार मानले जातात : शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक. म्हणजे देहाचा अवशेष, तथागतांनी वापरलेली वस्तू, आणि केवळ त्यांना उद्देशून केलेली प्रतिमा. कालिंगबोधि जातकात उद्देशिक चैत्याला आधारवस्तू नाही, ते केवळ मनावर अवलंबून आहे, असा विचार येतो. मेहकरच्या गृहस्थांचा संबंधी पाषाण या वर्गीकरणात कोठे बसेल, असे कोणी विचारल्यास आम्ही 'पारिभोगिक' या कोष्टकाकडे बोट दाखवू. दोन परंपरांची तत्त्वदृष्टी पूर्णतः भिन्न असूनही त्यांनी एकाच प्रकारची जागा रिकामी ठेवली, हे विचार करण्यासारखे आहे. येथे कोणी कोणाकडून उसने घेतले असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही; तसा पुरावा आमच्यापुढे नाही.

हा सर्व खटाटोप आम्हाला आज का करावासा वाटला, ते सांगून लेखणी आवरतो. याच जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या खोऱ्यात भोन हे गाव आहे. डेक्कन कॉलेजने २००२ नंतर तेथे उत्खनन केले. त्यात प्रारंभिक ऐतिहासिक काळातील वसाहत, विहिरी, कालवा आणि स्तूपाचे अवशेष उजेडात आले. वऱ्हाडातील बौद्ध इतिहासासाठी या स्थळाचे मोल मोठे आहे. हे स्थळ जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. धरणाचे पाणी ज्यांच्या शेतांना हवे आहे ते लोकही आमचेच आहेत, आणि त्यांची तहान तत्त्वचर्चेने भागणार नाही, हे आम्ही जाणतो. भोनविषयीच्या एका बैठकीत एका वक्त्याने म्हटले, की स्तूपाच्या विटा काढून उंच जागी जशाच्या तशा रचाव्यात, म्हणजे स्तूप वाचला. सभेतून टाळ्या आल्या. आम्हाला टाळी वाजविता आली नाही, आणि विरोधही करता आला नाही.

अशा प्रसंगाचे मोठे उदाहरण नागार्जुनकोंडा हे आहे. नागार्जुनसागर धरणामुळे कृष्णेचे ते खोरे बुडणार हे ठरल्यावर १९५४ ते १९६० या काळात तेथे व्यापक उत्खनन झाले, आणि महाचैत्यासह काही वास्तू जवळच्या टेकडीवर पुन्हा उभारण्यात आल्या. ती टेकडी आता बेट झाली आहे. महाचैत्यातील अस्थिधातू त्यापूर्वीच सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात गेली होती. धातू सारनाथला, रचना बेटावर, आणि ज्या भूमीवर भिक्षू चालले ती भूमी पाण्याखाली : एका चैत्याचे हे तीन भाग तीन ठिकाणी गेले. त्यांपैकी महाचैत्य कोणते? अक्विनसच्या अनुयायाने रचनेकडे पाहिले असते, फ्रान्सिस्कनाने विटांकडे. महानुभाव उपदेशी बुडालेल्या भूमीसाठी कासावीस झाला असता, कारण स्थान हलविता येत नाही. अभिधम्माच्या विद्यार्थ्याला या तिन्हींपैकी एकाही ठिकाणी महाचैत्य सापडणार नाही. तरीही तो सारनाथलाही वंदन करील आणि बेटावरही.

भोनच्या बाबतीत निर्णय घेणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे, अशी आमची अपेक्षा आहे. विटा हलविता येतील, पण कालवा, विहिरी आणि त्यांचे नदीशी असलेले नाते हलविता येणार नाही. म्हणून पाणी चढण्यापूर्वी जमिनीचे, थरांचे आणि पातळ्यांचे मोजमाप पूर्ण व्हावे. पूर्वीच्या उत्खननाचा वृत्तान्त मराठीतही उपलब्ध व्हावा, म्हणजे तो संग्रामपूरच्या शाळेतील मुलाला वाचता येईल. विटा हलविल्याच, तर नव्या जागेवरील फलकावर ती मूळ जागा नव्हे हे स्पष्ट लिहावे, आणि मूळ जागा कोणत्या दिशेस व किती अंतरावर आहे, तेही लिहावे.